इमॅजिकाला सहकुटुंब जाताना: राइड्सचा क्रम कसा लावावा

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. तेव्हापासून सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातल्या घरांत मुलं या नावाचा धोशा लावतात. तिकीट स्वस्त नाही. पाच जणांचं कुटुंब दिवसभर जायचं तर खिशाला चांगलीच कात्री लागते. एवढं करून अनेक कुटुंबं जेमतेम पाच-सहा राइड्स करून परततात, कारण आत शिरल्यावर जे समोर दिसेल त्या रांगेत उभं राहिलं जातं. थीम पार्कमधला दिवस क्रमावर चालतो, आणि क्रम ठरतो तीन गोष्टींवर: घरातल्या सर्वांत लहान मुलाची उंची, सगळ्यांची पोटं आणि डोक्यावरचं ऊन.

तिकीट काढण्याआधी भिंतीशी उभं करा

मुलाला अनवाणी भिंतीला पाठ आणि टाचा लावून उभं करा. एक जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर अलगद टेकवा, खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करा आणि टेपने मोजा. मोजमाप संध्याकाळी घ्या. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळपेक्षा संध्याकाळी उंची साधारण एक सेंटीमीटरने कमी भरते. काठावरचं मूल सकाळी बसतं आणि संध्याकाळी बसत नाही, त्याचं कारण हेच.

मग पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट पाहून दोन याद्या करा: सगळ्यांना चालणाऱ्या राइड्स आणि फक्त मोठ्यांच्या. मुलाला दोन्ही याद्या घरीच दाखवा. तासभर रांगेत उभं राहिल्यावर दाराशी मोजपट्टी लावून परत पाठवलं, तर त्या रडण्यावर आइस्क्रीमचाही इलाज चालत नाही.

जाड तळव्यांचे बूट घालून किंवा टाचा उचलून मुलाला आत घुसवायचा प्रयत्न कृपा करून करू नका. उंचीची अट ही वयाची अट नसते. खांद्यावरून किंवा मांड्यांवरून येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीराला धरण्यासाठी बनवलेला असतो. मूल त्याहून लहान असलं तर दांडा बंद झालेला दिसतो, पण खाली फट राहते आणि वळणावर मूल त्या फटीतून घसरू शकतं.

वार आणि रस्ता

शनिवार-रविवार, दिवाळी आणि नाताळचे दिवस शक्यतो टाळा. पण आठवड्यातला मधला वार म्हणजे मोकळं पार्क, असंही समजू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळांच्या सहलींचे दिवस असतात, आणि मंगळवारी सकाळी पार्किंगमध्ये पिवळ्या बसची रांग दिसू शकते. अशा दिवशी मुलांच्या राइड्स उशिरासाठी ठेवा. सहलीच्या बस बहुधा दुपारनंतर निघतात.

मुंबईकडून येणाऱ्यांना द्रुतगती मार्गावर घाट लागायच्या आधीच खोपोलीला उतरायचं असतं. पुण्याकडून येणाऱ्यांना खंडाळ्याचा घाट उतरून यावं लागतं, त्यामुळे गाडी लागणारं मूल असेल तर पहिली मळमळ घाटातच सुरू होते. अशा मुलाला पुढे पाहता येईल असं बसवा आणि हातात मोबाइल देऊ नका. लोकलने यायचं तर खोपोली हे शेवटचं स्टेशन, तिथून पुढे रिक्षा. गेट उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचाल असं निघा. सकाळचा पहिला दीड तास दुपारच्या तीन तासांइतकं काम करून देतो.

अंगावर काय, खिशात काय

पॅंट किंवा सलवार, अंगाबरोबरचा शर्ट-कुर्ता आणि पायाला पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. साडीचा पदर आणि ओढणी सीटच्या फटीत, दांड्यात किंवा चाकात अडकते, म्हणून ती या दिवशी घरीच राहू द्या. लोंबते कानातले काढून ठेवा, कारण खांद्यावरचा दांडा नेमका कानाच्या पातळीवर येतो. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते कपड्याच्या आत घालून वर बंद गळ्याचं काहीतरी घाला. चष्म्याला मागून बांधायची इलॅस्टिकची दोरी चष्म्याच्या दुकानात मिळते. मोबाइल आणि गाडीची किल्ली चेन असलेल्या खिशात नाही, तर लॉकरमध्येच. उलट्या वळणात साधा खिसा सरळ रिकामा होतो, आणि चाळीस मीटरवरून पडलेला फोन खालच्या माणसासाठी दगड असतो.

मोबाइल लॉकरमध्ये गेला की चुकामूक होते. म्हणून सकाळीच दोन गोष्टी करा. लहान मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने एका पालकाचा नंबर लिहा, आणि आजच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढा. मूल हरवलं की आई-वडिलांना त्याच्या शर्टाचा रंग हमखास आठवत नाही.

पहिले दोन तास मोठ्या रोलर कोस्टरसाठी

आत शिरल्यावर बहुतेक लोक दाराजवळच्या राइड्सकडे वळतात आणि फोटोंत वेळ घालवतात. तुम्ही नायट्रोकडे चाला. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड या कंपनीचा हा फ्लोअरलेस कोस्टर आहे. चौघे एका ओळीत बसतात, आणि गाडी सुटायच्या आधी पायांखालची फळी बाजूला सरकून पाय मोकळे लोंबकळतात. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर आणि शरीर पाच वेळा उलटं होतं. त्यानंतर अंधारातला इनडोअर कोस्टर डीप स्पेस करा. दोन्हींत जास्त त्रासदायक नायट्रो असला तरी रांग त्याचीच लवकर फुगते, म्हणून तो आधी.

रांग किती वेळ घेईल हे पाटीवर अवलंबून न राहता मोजता येतं. दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळावर पाहा आणि एका फेरीत किती जण बसतात ते मोजा. समजा, २४ जणांची फेरी दर तीन मिनिटांनी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसं. पुढे २४० जण दिसत असतील तर अर्धा तास. ४५ मिनिटांहून जास्त निघालं तर ती राइड संध्याकाळी ५ नंतर पाहा. रांग वगळणारं महाग तिकीट मिळत असेल, तर ते फक्त गर्दीच्या दिवशी घ्या.

सीटवर बसायची पद्धत

मान आणि पाठ दुखण्याच्या बऱ्याचशा तक्रारी इथेच टाळता येतात. आधी नितंब सीटच्या अगदी मागे टेकेपर्यंत सरका, पाठ पूर्ण टेकवा, आणि मगच दांडा खाली ओढा. लोक उलट करतात: पुढे सरकून आरामात बसतात आणि दांडा ओढून घेतात. मग पहिल्या उतारावर शरीर खाली सरकतं, दांडा खांद्यावर किंवा पोटावर रुततो आणि दोन मिनिटं तसंच बसावं लागतं. दांडा अंगाला टेकलेला हवा, श्वास घेता येईल इतकाच घट्ट. कर्मचारी येऊन तो वर ओढून पाहतो तेव्हा पोट आत घेऊ नका.

डोकं मागच्या टेकूला लावून ठेवा आणि नजर समोरच्या रुळावर. खाली किंवा शेजारी बघायला मान वळवली आणि तेवढ्यात वळण आलं, तर मानेला हिसका बसतो. वर्तुळाच्या तळाशी शरीराचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं वाटतं, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांसमोर करडी झाक येऊ शकते. त्या क्षणी मांड्या आणि पोट आवळा. ओरडलं तर पोट आपोआप आवळलं जातं, म्हणून ओरडणं खरंच उपयोगी आहे.

पुढची ओळ की मागची? पुढे वारा आणि दृश्य मिळतं. पोटात गोळा मागच्या ओळीत जास्त येतो. गाडीचं बरंचसं वजन शिखर ओलांडून उताराला लागलेलं असतं तेव्हा मागचे डबे अजून चढावर असतात आणि वेगाने खेचले जातात. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ मागावी.

चढावर टकटक आवाज येत असेल तर घाबरू नका. डब्याखालचा खटका रुळावरच्या दातांवरून सरकतो, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. कधी गाडी चढावरच काही मिनिटं थांबते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकाच गाडीला परवानगी असते. खाली स्टेशनवरची गाडी सुटायला उशीर झाला की वरची थांबवली जाते. बसून राहा, दांड्याला हात लावू नका, सूचना ऐका. उंचावरून खाली सोडणाऱ्या टॉवरबद्दलची नेहमीची शंका म्हणजे वीज गेली तर काय? अशा बहुतेक टॉवरना चुंबकाचे ब्रेक असतात. धातूची पट्टी चुंबकांमधून जाताना तिच्यात आपोआप विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच वेग मारतो. त्याला बाहेरची वीज लागत नाही.

पोट: उपाशी नको, तट्ट भरलेलं नको

घरून सातला निघताना पोहे किंवा उपमा, आणि राइडच्या तासभर आधी एक केळं. वाटेतल्या फूड मॉलवरचे बटाटेवडे आणि मिसळ परतीच्या वाटेवर खा. उपाशीपोटी चक्कर लवकर येते, आणि तेलकट भरलेल्या पोटी उलटी. दुपारचं जेवण १२ च्या आत किंवा अडीचनंतर घ्या, मध्ये गर्दी असते. जेवणानंतर दोन तास कोस्टर आणि फिरणाऱ्या राइड्स बंद. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण तान्ह्या बाळाचं अन्न आणि औषधं सोबत असतील तर दाराशी तसं सांगा.

मळमळ का होते? आतला कान सांगतो, शरीर हललं. डोळे सांगतात, नाही हललं, किंवा याच्या उलट. या भांडणात पोट बिघडतं. म्हणून पडद्यासमोर खुर्च्या हलवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये जास्त लोकांना त्रास होतो. तिथे त्रास सुरू झाला तर लगेच डोळे मिटा. कोस्टरवर मात्र डोळे उघडे ठेवून पुढचं वळण बघा. सगळ्यात जास्त घोळ करतो तो स्क्रीम मशीनसारखा प्रचंड लंबक, कारण तो झोके घेता घेता फिरतोही. ज्याला गाडी लागते त्याने तो एकदाच, जेवणाआधी करावा. आलेपाकाची एक वडी काहींना उपयोगी पडते. ॲव्होमिनसारखी मळमळीवरची गोळी आधीच घ्यावी लागते, तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये आणि मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दिवसभरात दर तासाला पाणी, मध्ये एकदा लिंबू सरबत. मे महिन्यातल्या दमट उन्हात घामाबरोबर मीठही जातं, आणि संध्याकाळची डोकेदुखी लोक राइड्सच्या माथी मारतात.

दुपार थंडगार, आणि ज्यांना भीती वाटते त्यांची शिडी

१ ते ४ छताखाली काढा. 'आय फॉर इंडिया'मध्ये पाय लोंबकळत भारतावरून उडाल्यासारखं वाटतं, 'मिस्टर इंडिया' सिम्युलेटर आहे, 'अली बाबा'त बंदुकीने नेम धरायचा असतो, 'सलीमगढ' भुताचं. सलीमगढला पाच-सहा वर्षांच्या मुलाला ओढत नेऊ नका, रात्री झोपेत त्याची वसुली होते. राजासॉरस नदीसफरीत कपडे भिजतात, ती साडेतीनच्या सुमारास करा, म्हणजे उरलेल्या उन्हात वाळतील.

घाबरणाऱ्या मुलाला थेट नायट्रोवर चढवू नका. आधी लहानग्यांचा हम्प्टीज फॉल, मग खाणीतल्या गाडीसारखी गोल्ड रश एक्सप्रेस. तिथे हसत उतरलं आणि उंचीत बसत असेल तर डीप स्पेस. दाराशी येऊन ते नको म्हणालं तर परत फिरा. शेजारच्या पोराशी तुलना नको. दोघांपैकी एक पालक मुलाजवळ थांबणार असेल तर रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला विचारा, की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता बसता येईल का.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं, फिट्स येणारे आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी वेगाच्या राइड्स टाळाव्यात. 'एकदा बसून बघते ना' म्हणणाऱ्या आजींना प्रेमाने पण ठाम नाही म्हणा, आणि त्यांच्यासाठी दुपारचे शो व संध्याकाळची मिरवणूक असेल तर पुढची जागा धरा. राइडनंतर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात किंवा धूसर दिसू लागलं, तर प्रथमोपचार केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

वॉटर पार्क वेगळ्या दिवशी

त्याचं तिकीट वेगळं असतं आणि एकाच दिवसात दोन्ही केले तर दोन्ही अर्धवट राहतात. नायलॉनचे कपडे घरून न्या. सुती कपड्यांना बंदी असते, कारण ते पाणी पिऊन जड होतात आणि त्यांचे धागे गाळणीत अडकतात. आयत्या वेळी भाड्याने घेतले तर खर्च वाढतो.

परत निघताना

रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून उतरणारी गर्दी मुंबईच्या दिशेने लागते. त्यामुळे एक तर ५ च्या आत निघा, नाहीतर ८ नंतर. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक आणि खोपोली-पाली रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर असे दोन अष्टविनायक होतात. राइड्सच्या दिवशी मात्र देवदर्शन जोडू नका, गेट उघडण्याची वेळ हुकते. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, लॉकर उघडून आत हात फिरवून पाहा, आणि गाडी चालवणाऱ्याने निघण्याआधी वीस मिनिटं डोळे मिटून बसावं.