लांबची दोन घड्याळं कशी मिळवायची

घरातली दोन घड्याळं मिळवायला काय लागतं, शेजारी ठेवा, काटे सारखे करा, झालं. लांबच्या माणसाला फोनवर "आत्ता बरोबर 12 वाजले" सांगितलं तर ते तिकडे पोचेपर्यंत थोडा वेळ गेलेला असतोच, आणि तो किती गेला हे मोजायचं तर दोन्ही घड्याळं आधीच मिळवलेली पाहिजेत. सगळी गोम इथेच आहे. (मुंबईने 1955 पर्यंत स्वतःचा टाइम ठेवला होता, भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. ती भानगड वेगळी, तिथे फक्त तबकडीवर कुठला आकडा दाखवायचा एवढाच वाद. इथे प्रश्न असा की "आत्ता, तिकडे" म्हणजे नक्की कधी?)

करून बघू. तुम्ही पृथ्वीवर, मित्र चंद्रावर. 1969 मध्ये अपोलो 11 वाल्यांनी तिथे लेझर परत फिरवणारा आरसा ठेवलाय, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नाही. तुम्ही बरोबर 12 वाजता लेझर सोडला, तो समजा 2.56 सेकंदांनी परत आला. हे दोन्ही आकडे तुमच्या एकाच घड्याळावरचे, त्यात वाद नाही. आता तिकडे लेझर टेकला तेव्हा किती वाजले होते? निम्मे करा. म्हणजे मित्राला आधीच सांगून ठेवायचं, लेझर दिसला रे दिसला की घड्याळ 12 वाजून 1.28 सेकंदांवर लाव. झालं काम. आइनस्टाइनच्या 1905 च्या पेपरात हीच रीत आहे, आणि प्रकाशाच्या सिग्नलने घड्याळं लावायची कल्पना प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने 1900 मध्येच मांडली होती.

पण निम्मेच का? जाताना आणि येताना वेग सारखाच असतो हे कोणी मोजलंय? मोजायला चंद्रावर मिळवलेलं घड्याळ हवं, आणि तेच तर आपण लावायला बसलोय. जाऊन-येऊनचा वेग एका घड्याळावर मोजता येतो, एकाच बाजूचा नाही. म्हणून राइशेनबाख हा विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणायचा की निम्म्याऐवजी 0 आणि 1 च्या मधला कुठलाही भाग घ्या. पाव घेतलात तर मित्र 0.64 वर लावेल, जाताना प्रकाश नेहमीच्या दुप्पट वेगाने गेला आणि येताना दोन तृतीयांश वेगाने आला असं म्हणावं लागेल, गणितं भयंकर कुरूप होतील, पण कुठल्याच प्रयोगात तुमची चोरी पकडली जाणार नाही! आइनस्टाइनने स्वतःच लिहून ठेवलंय की निम्मे ही व्याख्या आहे. 1977 मध्ये मॅलामेंट या तत्त्वज्ञाने काही अटी घातल्या की निम्मे सोडून दुसरं काही बसत नाही असं सिद्ध केलं, मग त्या अटी मान्य करायच्या का यावर भांडण सुरू झालं, ते असो.

तुमचा लॅपटॉप नेटवरून टाइम घेतो तेव्हा एनटीपी (नेटवरून घड्याळं मिळवायची पद्धत) सुद्धा हेच निम्मे करतं बरं का. फरक एवढाच की तिथे जायचा रस्ता मोकळा आणि यायचा जाम असेल तर घड्याळ खरोखर चुकतं, आणि जीपीएसवाल्या घड्याळाशी ताडून ती चूक सापडते. प्रकाशाच्या बाबतीत ताडायला तिसरं कोणी नाहीच.

आता रिलेटिव्हिटी (आइनस्टाइनचा सापेक्षतावाद) कुठून येते ते बघायला चौकटीची वही घ्या. उभा वेळ (सेकंद), आडवं अंतर (एका सेकंदात प्रकाश जातो तेवढं एक घर), म्हणजे प्रकाशाची रेघ कायम कर्णात जाणार. ही आपली बाजू, निम्मे धरूनच काढलेली. एक लांबलचक यान उजवीकडे प्रकाशाच्या 0.6 वेगाने चाललंय. शेपटीची रेघ 0 पासून काढा, 5 घरं वर गेलं की 3 उजवीकडे. नाकाची रेघ तशीच तिरकी, पण 4 घरं उजवीकडून सुरू करा. शेपटीतून प्रकाश सोडा, नाक पुढे पळतंय त्यामुळे तो (10, 10) ला गाठतो. परत फिरवा, शेपूट समोरून येतेय, म्हणून लगेच भेटते, उंची 12.5 वर. यानातला माणूस आपलीच रीत वापरणार, निम्मे, म्हणजे शेपटीच्या रेघेवर 6.25 उंचीचा ठिपका. तो म्हणणार, हा ठिपका आणि तो (10, 10) एकाच वेळचे. जोडा दोन्ही. रेघ आडवी नाही, तिरकी आलीय! स्केल हलली असं वाटून मी पहिल्यांदा खोडून परत काढली होती. आपल्या हिशोबाने त्याचं नाकातलं घड्याळ मागे पडलेलं आणि शेपटीतलं पुढे गेलेलं, आणि त्याच्या हिशोबाने आपली घड्याळं बिघडलेली. लांबी आखडणं आणि वेळ मंदावणं (पळणारी वस्तू आपल्या मापाने आखूड आणि तिचं घड्याळ हळू भरतं, ते) समजून घ्यायचं तर आधी ही रेघ हाताने काढा, नुसता फॉर्म्युला पाठ करून ते डोक्यात बसत नाही.

एक सावधगिरी. ही रीत सरळ चालणाऱ्यांसाठी आहे, गोल फिरणाऱ्यांसाठी नाही. विषुववृत्तावर जमिनीला घट्ट बसवलेली घड्याळं एकाला एक अशी शेजारच्याशी मिळवत पृथ्वीला पूर्ण फेरा मारलात तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी जुळत नाही, 207 नॅनोसेकंदांचा फरक उरतो, म्हणजे प्रकाशाची साधारण 62 मीटर धाव. घड्याळं बिघडलेली नसतात, पृथ्वी फिरत असते. म्हणून जीपीएसवाले जमिनीच्या हिशोबाने घड्याळं मिळवतच नाहीत, पृथ्वीच्या मध्याशी बसलेल्या पण न फिरणाऱ्या माणसाच्या हिशोबाने मिळवतात.