काळ्या रानातली पांढर: उपग्रहचित्रांवरून जुन्या वस्त्या कशा शोधाव्यात

दख्खनच्या पठारावरच्या जुन्या गावात जमिनीचे दोन भाग सांगतात: काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. शेकडो वर्षं एकाच जागी घरं बांधली गेली, पडली, पुन्हा उभी राहिली. चुलीची राख, गोठ्यातलं शेण आणि ढासळलेल्या भिंतींची माती साचत गेली, आणि ती जागा आजूबाजूच्या रानापेक्षा फिकट, भुसभुशीत झाली. गाव उठून गेलं तरी ही माती तिथेच राहते. लोक तिला पांढर किंवा पांढरीचं टेकाड म्हणतात. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही आपली ताम्रपाषाणयुगीन स्थळं अशा टेकाडांतूनच उजेडात आली.

हा फिकट डाग जवळजवळ आठशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या चित्रातही दिसतो. २०१२ मध्ये ब्योर्न मेन्झे आणि जेसन उर या संशोधकांनी ईशान्य सीरियातल्या सुमारे २३,००० चौरस किलोमीटर भागात जवळपास १४,००० वस्तीस्थानं नोंदवली. त्यांचाही मुख्य धागा हाच होता: माणसाच्या वावराने रंग बदललेली माती. तेच काम आपल्या नदीकाठी, घरच्या संगणकावर आणि फुकट मिळणाऱ्या साधनांनी कसं करता येतं, ते पुढे सांगतो. उदाहरणासाठी प्रवरेचं खोरं घेतो.

आधी ओळखीच्या जागेवर डोळा तयार करा

संपूर्ण जिल्हा घेऊन बसू नका. एक नदी निवडा आणि तिच्या काठचा दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद तुकडा घ्या. त्यात उत्खनन झालेलं निदान एक स्थळ असायला हवं. प्रवरेवर दायमाबाद आहे. श्रीरामपूर तालुक्यात, नदीच्या डाव्या काठावर. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी ते शोधलं आणि १९७९ पर्यंत तिथे तीन वेळा उत्खनन झालं. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या ब्राँझच्या प्रसिद्ध वस्तू १९७४ मध्ये इथेच मिळाल्या.

संगणकावर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्या. हे साधन मोफत आहे. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की जुनी चित्रं तारखेनुसार उघडतात. दायमाबादची प्रत्येक तारीख पाहा आणि कोणत्या महिन्यात टेकाड उठून दिसतं, कोणत्या महिन्यात हरवतं, ते वहीत लिहा. या कामाला एक संध्याकाळ पूर्ण द्या. नवी जागा शोधण्याची घाई इथेच सगळ्यांना नडते.

महिना निवडणं हे निम्मं काम

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग असतात. त्यानंतर हिरवळ. मार्चअखेरपासून मे अखेरपर्यंतची चित्रं आपल्या कामाची, कारण रब्बी निघालेली असते, नांगरट झालेली असते आणि जमीन कोरडी व उघडी असते. अशा वेळी काळी माती गडद तपकिरी दिसते आणि पांढर राखाडी-पिवळसर.

प्रवरेकाठी मोठी अडचण उसाची आहे. आडसाली ऊस दीड वर्ष जमीन झाकून ठेवतो. म्हणून एका वर्षाच्या चित्रावर भागत नाही. पाच-सात उन्हाळे पाहिले, तर त्यातल्या एखाद्या वर्षी ते रान मोकळं सापडतं.

पिकाखालूनही खुणा डोकावतात. बुजलेल्या चरात ओल टिकते, तिथलं पीक उशिरापर्यंत हिरवं राहतं. गाडलेल्या दगडी भिंतीवर माती कमी, तिथलं पीक लवकर वाळतं. फेब्रुवारीतली ज्वारी-गव्हाची रानं यासाठी पाहावीत.

पांढर बांध ओलांडते

आता खरी पारख. आजच्या शेतांमधला रंगाचा फरक बांधापाशी थांबतो: एका शेतात हरभरा, शेजारी नांगरट, मध्ये सरळ रेघ. पांढर मात्र आजचे बांध पडण्याच्या आधीची असते. तिचा डाग गोलसर किंवा लांबट असतो, दोन-तीन शेतांत पसरतो आणि बांध त्याला मधोमध कापत जातो. नांगराने माती ओढली गेल्यामुळे त्याच्या कडा धूसर होतात. चौकोनी, कडा धारदार असलेला पांढरा तुकडा दिसला तर तो बहुधा आजचाच काहीतरी असतो: शेततळं, कांद्याची चाळ, कुक्कुटपालनाची शेड, वीटभट्टी, मुरमाची खाण.

दोन गोष्टी मात्र चांगल्या सरावलेल्या डोळ्यालाही फसवतात. पहिली खारवट जमीन. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं जास्त झालं की क्षार वर येतात आणि उन्हाळ्यात रान पांढरं पडतं. या खोऱ्यात अशी रानं भरपूर आहेत. मी सुरुवातीला खुणा केलेल्या जागांपैकी बऱ्याच खारवट निघाल्या. ओळख अशी: खारवट पट्टा सखल भागात, चारी-कालव्यांच्या बाजूने पसरतो आणि दरवर्षी आकार बदलतो. पांढर उंचवट्यावर असते आणि जागची हलत नाही. दुसरी फसवी जागा म्हणजे नदीकाठच्या घळी. प्रवरेच्या गाळात खोल ओघळी पडल्या आहेत, आणि झिजलेल्या कडांवर चुनखडीचे खडे उघडे पडल्याने त्या फिकट दिसतात. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसली की ती घळ समजा.

प्रत्येक संशयित जागेभोवती बहुभुज काढा आणि त्याला साधा क्रमांक द्या. वर्णनाच्या चौकटीत चित्राची तारीख, संशयाचं कारण आणि एक ते तीन असा खात्रीचा अंक लिहा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा. महिन्याभरानंतर ‘ही खूण का केली होती’ हे आठवत नाही. शेवटी सगळं केएमएल फाइलमध्ये (नकाशावरच्या खुणा साठवणारी फाइल) साठवा.

सेंटिनेल आणि क्यूजीआयएस

गूगल अर्थची चित्रं बारीक असतात, पण हवी ती तारीख मिळेलच असं नाही. तिथे युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह उपयोगी पडतो. त्याची चित्रं २०१५ पासूनची आहेत आणि कोपर्निकस ब्राउझरवर मोफत मिळतात. त्याचा एक ठिपका (पिक्सेल) १० मीटरचा, म्हणजे शंभर मीटर रुंद टेकाड आडवं दहा ठिपक्यांत मावतं. तपशील दिसत नाही, पण डाग दिसतो. ढगांचं प्रमाण दहा टक्क्यांखाली ठेवून प्रत्येक वर्षाचं एप्रिलचं एकेक चित्र उतरवा. इस्रोचं भुवन हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळही शेजारच्या खिडकीत उघडं ठेवा.

मग क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मोफत साधन उघडून त्यात केएमएल फाइल आणि सेंटिनेलची चित्रं आणा. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएमचा उत्तरेकडचा ४३ वा पट्टा, ठेवा, म्हणजे लांबी मीटरमध्ये मिळेल. प्रवरेचं खोरं याच पट्ट्यात येतं. हिरवळीचा निर्देशांक काढायला त्यातल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये बँड ८ (अवरक्त प्रकाश) मधून बँड ४ (लाल प्रकाश) वजा करा आणि उत्तराला त्या दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याजवळ असेल तिथे जमीन उघडी. ज्या वर्षी तुमच्या खुणेची जागा उघडी होती, त्याच वर्षीचा मातीचा रंग ग्राह्य धरा.

उंचीच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. एसआरटीएम या २००० सालच्या अंतराळयान मोहिमेतून मिळालेली ३० मीटर ठिपक्याची उंचीची माहिती फुकट मिळते. पण तिच्यातली चूकच काही मीटरची असते. सीरियातली टेकाडं वीस-तीस मीटर उंच असू शकतात, ती त्यात दिसतात. आपलं टेकाड तीन-चार मीटरचं असेल, तर ते त्या चुकीतच बुडून जातं. ही माहिती वेगळ्या प्रश्नासाठी वापरा: जागा पुराच्या पातळीच्या वर आहे का? दोन ओढ्यांच्या बेचक्यात आहे का? काळी जमीन आणि पाणी दोन्ही जवळ असलेली उंच जागा पहिल्या शेतकऱ्यांनी निवडली, आणि बऱ्याचदा आजच्या गावकऱ्यांनीही.

सपाटीकरणाच्या आधीचं चित्र

गेल्या काही दशकांत कितीतरी टेकाडं ट्रॅक्टर आणि जेसीबीने सपाट झाली. पांढरीची माती घरांच्या भिंतींना आणि धाब्याला नेण्याची रीत तर त्याहून जुनी. जे गेलं ते पाहायचं असेल, तर कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची चित्रं शोधा. ती १९६० ते १९७२ या काळातली असून १९९५ मध्ये खुली झाली. शेवटच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांत दोन मीटरच्या आसपासची वस्तू ओळखता येते. यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर मोफत खातं काढून ती शोधता येतात. आधी कोणीतरी मागवलेली चित्रं फुकट, न मागवलेली पैसे भरून.

ही फिल्मची चित्रं नकाशावर आपोआप बसत नाहीत. चित्रावरच्या खुणा नकाशावरच्या त्याच जागांशी जुळवणाऱ्या क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये ती बसवावी लागतात. खुणांसाठी जुनी देवळं, दगडी पूल, कालव्याची वळणं आणि मोठ्या विहिरी घ्या, कारण साठ वर्षांत या जागा हललेल्या नाहीत. फिल्मच्या पट्टीच्या टोकांना चित्र ताणलेलं असतं, म्हणून लहान तुकडा कापून तेवढाच बसवा.

रानात उतरल्यावर

उपग्रह मातीचा रंग सांगतो, वय सांगत नाही. दोनशे वर्षांपूर्वी ओस पडलेलं गाव आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती वरून अगदी सारखी दिसू शकतात. त्यांचा फरक खापरांत असतो. ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीची (जोर्वे या स्थळावरून पडलेलं नाव) भांडी तांबड्या रंगाची, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. सोबत गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती मिळू शकतात.

जाण्याआधी शेताच्या मालकाला भेटा आणि परवानगी घ्या. मोबाईलमधला नकाशा दाखवण्याआधी साधा प्रश्न विचारा: “इथं पांढर कुठं आहे?” म्हाताऱ्या माणसांना अजून ठाऊक असतं. कोणत्या शेताला पांढरीचं शेत म्हणतात, पूर्वी कोणत्या टेकाडाची माती बैलगाड्यांनी नेत, जुन्या गावाचा मारुती कुठे होता, हे ते सांगतात. संगणकावर तीन आठवडे घालवून मी ज्या जागेला तीनपैकी दोन गुण दिले होते, तिचं नाव एका आजोबांनी बसल्या जागेवरून सांगितलं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात ‘लोक काय म्हणतात’ असा एक रकाना आहे.

खापराचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि खापर होतं तिथेच राहू द्या. खणायचं नाही, उकरायचंही नाही. स्थळ संरक्षित असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. पुरून ठेवलेली मौल्यवान वस्तू सापडली तर ती १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. खात्रीची जागा वाटली तर फोटो, नकाशा आणि चित्रांच्या तारखा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पाठवा. अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका. नाण्यांसाठी धातुशोधक घेऊन फिरणारेही ते वाचतात.

आणि ज्या जागा खारवट, घळी किंवा वीटभट्ट्या निघाल्या, त्या फाइलमधून पुसू नका. त्यांना वेगळा रंग द्या. पुढच्या उन्हाळ्यात नदीचा पुढचा तुकडा पाहताना त्याच शेजारी उघड्या ठेवायच्या आहेत.