बगॅसवर पीएचडी करायला येणाऱ्यांसाठी

आमच्या कागलकडे गुऱ्हाळावर चिपाड वाळवून चुलवणात घालतात. कारखान्यात तेच बगॅस म्हणून बॉयलरला जातं. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो ओलं बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. लहानपणी मला ते नुसतं सरपण वाटायचं. एमएस्सीला कळलं की सुक्या बगॅसमध्ये साधारण 40 टक्के सेल्युलोज (उसाचे चिवट धागे) असतं, पाव हिस्सा हेमिसेल्युलोज (साखरांच्या साखळ्या) आणि पाचवा हिस्सा लिग्निन (हे सगळं घट्ट धरून ठेवणारा पदार्थ). हेमिसेल्युलोजमधल्या झायलोज या साखरेतून पाण्याचे तीन रेणू काढले की फुरफुराल हे द्रव रसायन मिळतं. क्वेकर ओट्स कंपनीने 1920च्या दशकातच ओटच्या फोलपटांपासून फुरफुराल आम्ल वापरून काढायला सुरुवात केली होती. म्हणजे रसायन जुनंच आहे. गंधकाम्लाऐवजी गाळून परत वापरता येईल असा घन कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) शोधणं, हे आमचं काम.

सगळेजण शुद्ध झायलोजपासून सुरुवात करतात, तुम्हीही कराल. तिथली पहिली चूक वजनाची होते. 100 ग्रॅम झायलोजपासून जास्तीत जास्त 64 ग्रॅम फुरफुराल मिळू शकतं, बाकीचं वजन पाणी होऊन जातं. त्यामुळे 10 ग्रॅममधून 3.2 ग्रॅम मिळालं तर यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकेल त्यातलं प्रत्यक्ष मिळालेलं) 32 नव्हे, 50 टक्के. हिशेब मोलमध्येच मांडायचा.

माझ्या पहिल्या चांगल्या प्रयोगात कन्व्हर्जन, म्हणजे बदललेल्या झायलोजचं प्रमाण, 96 टक्के आलं. मी आनंदाने गाइडना दाखवायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “यील्ड 50, मग उरलेला कार्बन कुठे गेला?” तो रिॲक्टरच्या भिंतीला चिकटला होता. त्या काळ्या-तपकिरी चिकट थराला ह्युमिन म्हणतात. फुरफुराल तयार होतं, ते आपसात आणि उरलेल्या साखरेशी जोडलं जातं आणि कशातच विरघळत नाही. काहिलीत रस जास्त तापला की गूळ काळा पडतो, ते पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. गुळव्या उकळीवरून नजर काढत नाही तो याच धाकाने. म्हणून फुरफुराल तयार होताच बाजूला काढायचं: पाण्यावर टोल्यूइन या द्रावकाचा थर ठेवून त्यात ओढून, नाहीतर वाफेबरोबर. तेव्हापासून मी प्रत्येक प्रयोगाच्या पानावर कार्बनचा ताळेबंद (घातलेल्या कार्बनपैकी किती टक्क्यांचा हिशेब लागला) लिहिते. 90 टक्क्यांच्या खाली आला तर तो आकडा मी कुणाला दाखवत नाही.

मग खरं बगॅस आलं, आणि माझे आठ महिने त्यात गेले. सल्फोनिक आम्लगट असलेलं रेझिन घन कॅटॅलिस्ट म्हणून घेतलं होतं, बारीक मण्यांचं. बगॅस त्याहून बारीक दळलं, म्हणजे नंतर मणी चाळून वेगळे करता यावेत. 120 अंशांवर पहिल्या वेळी झायलोज छान मिळालं. दुसऱ्या वेळी तेच मणी वापरले तर जवळजवळ काहीच नाही. मला वाटलं मणी खराब झाले, म्हणून नवे मागवत राहिले. खरं कारण बगॅसच्या राखेत होतं. त्यातलं पोटॅशियम आणि कॅल्शियम मण्यांवर जाऊन बसत होतं आणि मण्यांचा हायड्रोजन आयन पाण्यात उतरत होता. पहिल्या वेळचं काम घन कॅटॅलिस्टने केलंच नव्हतं. ते त्या आम्लधर्मी झालेल्या पाण्याने केलं होतं. गाळलेल्या पाण्यात नवं बगॅस घातलं आणि कॅटॅलिस्टशिवाय तापवलं, तेव्हा हे उघड झालं. साधा पीएच मीटर पहिल्याच दिवशी हे सांगू शकला असता. तुमच्या कॅटॅलिस्टची ही चाचणी पहिल्या आठवड्यातच करा. बगॅस आधी धुऊन घ्या आणि त्यातली राख किती ते मोजा.

तशी पद्धतच बदलणं जास्त बरं, असं माझं आता ठाम मत आहे. घन कॅटॅलिस्ट घन बगॅसच्या आत शिरू शकत नाही. पण नुसत्या पाण्यात 170-180 अंशांवर तापवलं तर हेमिसेल्युलोजवरचे ॲसिटिल गट सुटून ॲसेटिक आम्ल तयार होतं आणि ते आपणच हेमिसेल्युलोज विरघळवतं. ते पाणी गाळून कॅटॅलिस्टवर सोडायचं. शिल्लक राहिलेलं सेल्युलोज आणि लिग्निन हा दुसऱ्या कामाचा कच्चा माल.

180 अंशांवर बंद भांड्यातल्या पाण्याच्या वाफेचा दाब 10 बारच्या आसपास असतो. भांडं दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, रात्रीचे अकरा वाजले तरी. फुरफुराल कातडीतून अंगात जातं. हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) हवेतच. त्याची जुनी बाटली तपकिरी झालेली असते. कॅलिब्रेशनला ते ताजं डिस्टिल करूनच घ्या, नाहीतर एचपीएलसीचे (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) सगळे आकडे चुकतात.

या क्षेत्रात यायला रसायनशास्त्राची एमएस्सी आणि नेट, किंवा केमिकल इंजिनिअरिंग आणि गेट, हे नेहमीचे रस्ते आहेत. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि मुंबईत आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) इथे या विषयावर काम होतं. घरच्यांचा प्रश्न पुढच्या नोकरीचा असतो. 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. तिथे साखर सोडवायला एन्झाइम लागतात, आमच्यासारखे कॅटॅलिस्ट नव्हेत. पण पेंढ्यात कोणता घटक किती आहे आणि प्रत्येक टप्प्यावर तो कुठे गेला, हे सांगणारा माणूस तिथेही लागतोच. त्यासाठीची लिग्निन मोजण्याची पद्धत, 72 टक्के गंधकाम्लात 30 अंशांवर एक तास, मग ते 4 टक्क्यांवर आणून ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर एक तास, हाताने करायला शिका. नमुना बाहेर पाठवू नका. मी शिकले तेव्हा आमच्याच शेतातल्या उसाचं चिपाड घेतलं होतं. तीन वेळा केलं, तेव्हा कुठे तिन्ही आकडे जवळजवळ आले.