फंडिंग मिळालं म्हणजे जमलं असं समजू नका

स्टार्टअपचा फंडिंग राऊंड क्लोज झाला की अभिनंदनाचे मेसेज सुरू होतात, पण त्या दिवशी कंपनीचा एक हिस्सा विकला गेलेला असतो एवढंच. छोट्या व्हिडिओंचं ॲप काढणाऱ्या क्विबीने १७५ कोटी डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये ॲप आलं आणि डिसेंबरात बंद पण झालं. उलट ईमेल मार्केटिंगवाल्या मेलचिंपने बाहेरचा पैसाच घेतला नाही, २००१ पासून ग्राहकांच्या जिवावर चालली आणि २०२१ मध्ये इन्ट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने ती साधारण १,२०० कोटी डॉलरला घेतली. फंडिंग वाईट असं म्हणत नाहीये हां, औषध किंवा चिप बनवत असाल तर पहिल्या ग्राहकाच्या आधीच बक्कळ पैसा लागतो.

मला नडला तो लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली की इन्व्हेस्टरने आपला पैसा सगळ्यांच्या आधी काढून घ्यायचा हक्क. नीट वाचा, घाई करू नका. समजा इन्व्हेस्टरने ५ कोटी टाकले, पोस्ट-मनी (हे पैसे धरून कंपनीची किंमत) २० कोटी, म्हणजे त्याचे २५ टक्के, तुमचे ७५. पुढे कंपनी ८ कोटीला विकली. आपण मनातल्या मनात ६ कोटी आपले धरून बसतो, पण साधा, म्हणजे नॉन-पार्टिसिपेटिंग १एक्स (टाकले तेवढे आधी परत किंवा हिश्शाप्रमाणे वाटा, दोन्हीपैकी एकच) असला तरी तो आधी स्वतःचे ५ काढणार, तुम्हाला ३. आणि पार्टिसिपेटिंग असेल तर ५ काढून वर उरलेल्या ३ मधले पण २५ टक्के नेणार, तुमच्याकडे सव्वादोन, ते पण को-फाउंडर आणि ईसॉपवाल्यांत (शेअर्स मिळालेल्या कर्मचाऱ्यांत) वाटायचे. आमच्या स्टार्टअपच्या करारात हाच प्रकार होता, आणि त्याचा अर्थ कळला विक्रीची बोलणी सुरू झाल्यावर. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

घाबरू नका पण, तीच कंपनी ४० कोटीला गेली तर साध्या १एक्सने काही फरक पडत नाही, इन्व्हेस्टर सरळ आपले २५ टक्के, म्हणजे १० कोटी घेतो. वांधा होतो तो स्वस्तात विकावं लागलं तर.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. पहिल्या भेटीत 'व्हॅल्युएशन किती धरलंय' विचारून लगेच सल्ल्याच्या बदल्यात ॲडव्हायझरी शेअर्स मागणाऱ्यापासून लांबच राहा. दर महिन्याला किती पैसा जळतोय आणि जुने ग्राहक का सोडून जातायत हे खोदून विचारणारा भेटला तर त्याला धरून ठेवा, मग तो कितीही खडूस असो.

सहीच्या आधी वकिलाला ५, ८ आणि ४० कोटीच्या विक्रीत कोणाला किती मिळेल याचं शीट करायला लावा. समोरचा 'स्टँडर्ड क्लॉज आहे' म्हणेल, तरी नॉन-पार्टिसिपेटिंग १एक्स मागा, ते मागणं अगदी नॉर्मल आहे, लाजू नका.