आयर्विनला किती फूट?

पत्रकारितेच्या डिग्रीला मी संज्ञापनाची सगळी मॉडेल्स घोकली होती. क्युसेक म्हणजे काय, हे ना कुणी शिकवलं, ना मी विचारलं.

सांगलीत एका दैनिकात लागून दीड महिना झाला होता. रात्री साडेदहाला, पान सोडायच्या घाईत, ग्रुपवर आलेला आकडा उचलून मी लिहिलं, 'कोयनेतून 50 हजार टीएमसी विसर्ग'. तसंच छापून आलं. सकाळी सातला कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याचा फोन. "ताई, अख्खं धरणच एकशेपाचाचं. बाकीचं पाणी कुठनं आणलंसा?"

म्हणून पत्रकारितेत येणाऱ्यांना हे घोळवून सांगते, कंटाळा आला तरी वाचा. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. टाकीत पाणी किती ते टीएमसीत, नळ किती सोडलाय ते क्युसेकमध्ये. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर चाललं की साधारण एक टीएमसी. हा गुणाकार एकदा स्वतः कागदावर करा, मोबाईलवर नको. आणि काठावरच्या माणसाला दोन्हींशी घेणं नसतं. तो विचारतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल. तिथली पाणीपातळी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. गोठ्यातली जनावरं कधी हलवायची ते त्यावर ठरतं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून इथं चुकीचा आकडा कुणी हसण्यावारी नेत नाही.

गणित कच्चं असेल तरी घाबरू नका. मी दहावीला जेमतेम सुटले होते. लागतं ते सातवीपर्यंतचं.

बाकी सातबारा आणि फिर्याद वाचता यायलाच हवी. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. कॉलेजात असतानाच एक टाकून बघा. बलात्काराच्या बातमीत पीडितेचं नाव देत नाहीत हे सगळ्यांना पाठ असतं, पण 'अमुक गल्लीतल्या शिक्षकाची मुलगी' लिहिलं की ओळख फुटलीच. तोही गुन्हाच. आणि प्रेसनोटला स्वतःचं नाव लावून बायलाइन मिरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. कार्यशाळांतल्या नामवंतांपेक्षा डेस्कवरचा खडूस उपसंपादक धरा. आमचा उपसंपादक बातमी वाचायच्या आधीच विचारायचा, "मोजलंस का?" रडवलं त्यानं, पण शिकवलंही त्यानंच.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. ती मीच लिहिली होती. पाठवण्याआधी त्या शेतकऱ्याला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "आता आकडा बरोबर हाय. पण पाणी किती वाजता सोडलं ते लिवलंच न्हाई की ताई."