खालसा झालेल्या देशाची ‘अमान्यता’ कशी तपासावी

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वळिवड्याला येते. 1943 ते 1948 या काळात येथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. आज त्या जागेवर गांधीनगरची वसाहत आणि तिथला कापडबाजार आहे. त्या निर्वासितांचा प्रदेश बलाढ्य शेजाऱ्याने घेतला होता, आणि या लेखाचा विषयही तोच आहे. बलाढ्य शेजाऱ्याने एखादा लहान देश खालसा केला आणि इतर देशांनी त्याला ‘मान्यता दिली नाही’, असे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून विद्यार्थी पुढे जातात. परंतु ती अमान्यता खरी होती की केवळ बोलण्यापुरती, हे तपासायचे कसे, हे त्यांना कोणी सांगत नाही. राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी ती तपासणी येथे मांडली आहे.

प्रथम वहीचे पान आडवे धरून घटनाक्रम लिहावा. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया या बाल्टिक देशांचे उदाहरण घेऊ. 23 ऑगस्ट 1939 रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोपची वाटणी ठरली. जून 1940 मध्ये मॉस्कोकडून निर्वाणीचे खलिते गेले आणि लाल सेना, म्हणजे सोव्हिएत सैन्य, आत शिरली. 14 आणि 15 जुलैला एकाच यादीतल्या उमेदवारांची निवडणूक झाली. 21 आणि 22 जुलैला नव्या संसदांनी सोव्हिएत संघात सामील होण्याचे ठराव केले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही देश खालसा झाले. हा क्रम मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण खालसा करणारा नेहमी ‘लोकांनीच मागणी केली’ असे म्हणतो, आणि सैन्य आधी आले की मागणी आधी आली, हे तारखाच सांगतात.

त्यानंतर अधिकृत निवेदन मुळातून वाचावे, मात्र तेथे थांबू नये. अमेरिकेचे प्रभारी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांचे 23 जुलै 1940 चे निवेदन या धोरणाचा पाया मानले जाते. परंतु ते शब्दशः वाचले तर त्यात बळकावणाऱ्या शेजाऱ्याचे नाव नाही, आणि ‘आम्ही मान्यता देणार नाही’ असे थेट वाक्यही नाही. मग पाया कशाचा? तो त्या निवेदनाच्या आधी आणि नंतर झालेल्या कारकुनी कामांत सापडतो, आणि माझ्या मते या विषयाचा सगळा जीव तिथेच आहे.

म्हणून पैसा, माणूस आणि नकाशा यांची चौकशी करावी. निवेदनाच्या आठ दिवस आधी, 15 जुलै 1940 रोजी, अमेरिकेने बाल्टिक देशांची आपल्याकडील मालमत्ता गोठवली, म्हणजे ती मॉस्कोच्या हाती पडणार नाही अशी तजवीज केली. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमधील त्यांच्या जुन्या प्रतिनिधींना मायदेशी सरकार उरले नसतानाही मान्यताप्राप्त मानले गेले, आणि गोठवलेल्या निधीतून वकिलातींचा खर्च भागवण्याची परवानगी मिळत राहिली. लिथुएनियाचा निधी संपल्यावर लाटव्हियाच्या निधीतून त्यांना हात दिला गेला. अर्न्स्ट याकसन या एस्टोनियन अधिकाऱ्याने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील वाणिज्य दूतावासात बसून, जगाच्या दृष्टीने अस्तित्वात नसलेल्या देशाचे पासपोर्ट अनेक दशके दिले. अमेरिकी सरकारच्या नकाशांवर सोव्हिएत संघाचा रंग त्या तीन देशांवरही पसरलेला असे, पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना छापलेली असे की त्यांचा समावेश अमेरिकेने मान्य केलेला नाही. ती ओळ प्रत्येक आवृत्तीत पुन्हा छापावी लागे, आणि कोणीतरी ती न विसरता छापत राहिले, ही साधी गोष्ट नव्हे.

यापुढचा भाग नाजूक आहे. मान्यता दोन प्रकारची असते: प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे एवढेच कबूल करणारी, म्हणजे डी फॅक्टो, आणि तो ताबा कायदेशीर मानणारी, म्हणजे डी ज्युरे. ब्रिटनने पहिली दिली, दुसरी दिली नाही. तरीही 1960 च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघाशी आर्थिक दाव्यांची तडजोड करताना बँक ऑफ इंग्लंडमधील बाल्टिक सोने ब्रिटनने वापरून टाकले, आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी तेवढे सोने परत करावे लागले. स्वीडनने तर आपल्याकडील सोने 1940 मध्येच मॉस्कोला देऊन टाकले होते. ऑस्ट्रेलियाने 1974 मध्ये कायदेशीर मान्यता दिली आणि सरकार बदलल्यावर 1975 मध्ये ती मागे घेतली. त्यामुळे ‘पाश्चात्त्य देशांनी मान्यता दिली नाही’ असे मोघम कधीही लिहू नये. तक्ता करून त्यात प्रत्येक देशाची ओळ वेगळी ठेवावी.

जेथे तेल किंवा खनिज आहे, तेथे त्यासंबंधीचा करार हा सर्वांत पक्का पुरावा समजावा. पूर्व तिमोर इंडोनेशियाने 1976 मध्ये खालसा केला. संयुक्त राष्ट्रसंघाने तो ताबा स्वीकारला नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र 1979 मध्ये कायदेशीर मान्यता दिली आणि 1989 मध्ये तिमोरच्या समुद्रातील तेलाबाबत इंडोनेशियाशी करारही केला.

आता वळिवड्याकडे परत येऊ. छावणीतील बहुसंख्य लोक पूर्व पोलंडमधले होते. त्यांचा प्रदेश 1939 मध्ये त्याच गुप्त वाटणीनुसार सोव्हिएत संघाने घेतला आणि त्यांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. जुलै 1941 मध्ये लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात समझोता झाला, सोव्हिएत संघाने 1939 चे करार पोलंडपुरते रद्दबातल ठरवले, त्यांची सुटका झाली आणि ते इराणमार्गे भारतात आले. परंतु फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे तीन महासत्तांनी पूर्व पोलंडचा बहुतेक भाग सोव्हिएत संघाकडे राहील हे मान्य केले, आणि जुलैमध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील सरकारला दिली. छावणीतली माणसे आणि त्यांच्या झोपड्या होत्या तशाच राहिल्या. पण ज्या सरकारवर त्यांची निष्ठा होती, ते ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानच्या लेखी सरकारच उरले नाही. बाल्टिक देश आणि पूर्व पोलंड ही एकाच गुप्त पुरवणीची दोन अपत्ये, आणि त्यांचे नशीब असे वेगळे! तक्त्यात ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवावीत.

हीच कसोटी आपल्या दारातही लावावी. गोवा डिसेंबर 1961 मध्ये मुक्त झाला, पण पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व 31 डिसेंबर 1974 च्या कराराने मान्य केले. येथेही अमान्यता होती, मात्र प्रकरणाचा प्रकार वेगळा होता: गोवा स्वतंत्र देश नव्हता, ती वसाहत होती, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने 1960 मध्येच त्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले होते. अमान्यता दिसली की अन्याय झालाच असे गृहीत धरणाऱ्याची येथे फसगत होते. म्हणून खालसा होण्यापूर्वी तेथे मान्यताप्राप्त सार्वभौम राज्य होते का, हा रकाना तक्त्यात सर्वांत डावीकडे असावा.

शेवटी टिपण लिहिताना कोणी, कोणत्या प्रकारची मान्यता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नाकारली आणि कोणत्या कृतीतून ते दिसते, हे एकाच वाक्यात आणावे. उदाहरणार्थ: ‘अमेरिकेने बाल्टिक देशांच्या सामिलीकरणाला 1940 पासून कायदेशीर मान्यता दिली नाही, त्यांचे प्रतिनिधी व गोठवलेली मालमत्ता राखली, आणि 2 सप्टेंबर 1991 रोजी त्यांच्याशी राजनैतिक संबंध पुन्हा प्रस्थापित केले.’ या नमुन्यावर पहिले वाक्य वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या प्रदेशाविषयी लिहून पाहावे. त्यात ‘पर्यंत’ या शब्दाआधी 1945 येईल.