तिलारीच्या खोऱ्यात राहायला यायचंय? आधी एक पावसाळा काढा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात शिक्षकाची ऑर्डर आली, जंगलाच्या अभ्यासाचा प्रकल्प मिळाला, नाहीतर शहराचा कंटाळा आला म्हणून तिलारी नदीकाठी जागा घ्यायचीय, अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून येत असते. सगळ्यांनी फोटो पाहिलेले असतात आणि ते फोटो हमखास नोव्हेंबरातले असतात. नितळ पाणी, काठाला पोफळी, मागे सह्याद्री. मी वनशास्त्र शिकून एका अभ्यास प्रकल्पावर फील्ड असिस्टंट म्हणून इथे आले. प्रकल्प संपला, मी राहिले, आता काजूकलमांची रोपवाटिका चालवते. तेव्हा फोटोत न दिसणारं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट पाऊस. घाटमाथ्यावर आंबोलीला वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पडतो. आमच्याकडे त्याहून कमी, पण वर कोसळलेलं पाणी व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, बघता बघता खाली येतं. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बुडाला की पलीकडची वाडी तुटली. मग शाळा, दूध, वस्तीची एसटी, सगळं पाणी उतरेपर्यंत थांबलं. लाइट जाते ती वायरमनला पडलेलं झाड सापडेपर्यंत येत नाही आणि लाइटीपाठोपाठ रेंजही जाते. ऑनलाइन काम करून इथे राहू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मिरगाच्या आधी प्रत्येक घरात आगोटीची बेगमी होते: कोरडा लाकूडफाटा, तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आमसुलं, मीठ. तुम्ही त्यात रोजच्या गोळ्या आणि कागदपत्रांसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा धरा. बुरशी पदवी बघून थांबत नाही.

मी जागा बघायला लागले तेव्हा शेजारच्या काकींनी एवढंच सांगितलं होतं, "पावसात रवान बघ गो बाय, मगे जमीन बघ." यापेक्षा शहाणा सल्ला मला अजून कोणी दिलेला नाही.

आता पोटापाण्याचं. एकाच कामावर इथे कोणाचं भागत नाही, कामं ऋतूंप्रमाणे जोडत जावी लागतात. फेब्रुवारी ते मे काजू. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडून आमसुलं वाळवायची, तीही पहिली सर यायच्या आत. पावसात भात आणि रोपवाटिका, पुढे सुपारी. काजूचा भाव आपल्या हातात नसतो. आफ्रिकेतून कच्ची बी आली की कारखानदार इथला दर पाडतात आणि त्या वर्षी शेतकरी गप्प बसतो, दुसरं करणार काय? म्हणून बी विकण्यापेक्षा कलम विकणं मला बरं वाटलं.

कलमाचं काम दिसतं सोपं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींना मागणी जास्त, सातची बी टपोरी, साधारण 10 ग्रॅमची. आधी साध्या बियांची रोपं पिशवीत वाढवायची. ज्या मातृवृक्षाची काडी घ्यायची तिची पानं आठ-दहा दिवस आधी, देठ ठेवून, कापून टाकायची म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. दोन महिन्यांच्या आतलं कोवळं रोप वीतभर उंचीवर छाटायचं, मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा आणि साल सालीला भिडेल अशी बसवायची. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळायची आणि शेवटी पेप्सीकोल्याची पिशवी टोपीसारखी चढवायची. ब्लेड बोथट असलं, पट्टी सैल पडली किंवा काडी सकाळी कापून संध्याकाळी लावली, तर कलम मरतं. हात बसायला एक हंगाम जातो. ज्याचा हात बसला तो या पट्ट्यात कधी रिकामा राहत नाही.

दुसरा खरा तुटवडा पाडेल्यांचा, म्हणजे माडा-पोफळीवर चढणाऱ्यांचा. सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण घोसांवर मारावं लागतं, सव्वा-दीड महिन्याने पुन्हा. ओल्या पोफळीवर चढून हे करणारी माणसं आता म्हातारी झाली. गावातली तरुण पोरं सकाळी मोटारसायकली काढून गोव्यातल्या कारखान्यांत जातात. 2023 च्या जानेवारीत गोव्यातच मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तिकडेही गेली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. पण त्यामुळे गावात चढणारा, कलम बांधणारा, पंप दुरुस्त करणारा माणूस मिळेनासा झालाय. होमस्टे काढायचं स्वप्न घेऊन येणारे पुष्कळ आहेत, पंप दुरुस्त करायला येतो म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

अभ्यासाला येणाऱ्यांसाठी खोरं श्रीमंत आहे. 2020 साली 29.53 चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिलाय. बारमाही झऱ्याचं पाणी, चिखल, आणि चिखलातून गुडघा दुमडल्यासारखी वर आलेली मुळं. झाड त्या मुळांनी श्वास घेतं, तेव्हा त्यांच्यावर पाय देऊ नका. वनखात्याची परवानगी लागेल तिथे ती घ्याच, पण राईत शिरण्याआधी गावच्या मानकऱ्यांना भेटा. ते देवाला गाऱ्हाणं घालतील, तुम्ही नारळ न्या. फील्ड असिस्टंटच्या नोकऱ्या कंत्राटी, प्रकल्पापुरत्या. पगार बेताचा. जीपीएस आणि कॅमेरा ट्रॅप तुम्हाला येत असेल, धनेश पक्षी कुठल्या झाडाच्या ढोलीत बसतो हे गावातल्या पोराला माहीत असतं. प्रकल्पाच्या बजेटमध्ये त्याचाही पगार धरायला लावा.

धोक्यांबद्दल थोडक्यात, पण नीट ऐका. 2016 मध्ये या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले. गोचिडीतून होतो आणि जोर असतो तो नेमका काजूच्या दिवसांत. पूर्ण बाह्या, आरोग्य केंद्रातून मिळणारं अंगाला लावायचं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे थेट धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य सेवकाला कळवा. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची प्रतिबंधक गोळी देतात ती टाळू नका. पेशंट गंभीर झाला तर सगळे गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातच नेतात, त्यामुळे रात्री गाडी काढणारा ड्रायव्हर ओळखीचा हवा. आणि हत्ती. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून उतरले ते इथलेच झाले. एका रात्रीत माड, केळी आडवी करतात. भरपाईसाठी फोटो, सातबारा आणि पंचनामा लागतो. अंधारात बॅटरी घेऊन बघायला जाणारे पाहुणेच असतात, गावकरी जात नाहीत.

जमिनीचं मी कोणालाच घाईने सांगत नाही. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागतो. इथल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला सामायिक नावांची माळ असते, त्यातले निम्मे चाकरमानी मुंबईत आणि एकमेकांशी अबोला. इतर हक्काच्या रकान्यात वनाची नोंद आहे का, ते तलाठ्याकडे स्वतः बसून बघा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीवर उच्च न्यायालयाने 2013 साली बंदी घातली. तरी डोंगर उघडे करून रबर, अननस लावलेला तुम्हाला रस्त्यावरूनच दिसेल. "मॅडम, साफ करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एवढं वाचूनही यायचं असेल तर जूनच्या मध्यावर या. तेव्हा खोली सहज आणि स्वस्तात मिळते, कारण त्या दिवसांत दुसरं कोणी येत नाही. भाडं ठरवायच्या आधी विहीर कोणाची आहे आणि ती एप्रिलमध्ये आटते का, एवढं मात्र विचारून घ्या. घरमालकाला नको, शेजारणीला विचारा.